शेताचा रस्ता अडवलाय: मामलेदार कोर्ट की दिवाणी?

दोन्हीकडचे हेलपाटे बघितलेत म्हणून लिहितोय. माझी गाडीवाट अडवली तेव्हा मी तहसीलला गेलो (मामलेदार कोर्ट म्हणजे तहसीलदारच), चुलत्यांची वाट त्याच शिवारात पण दुसऱ्या गटातून जाते, ते दिवाणीत गेले. मी वकील नाही, तेव्हा तुमच्या वकिलाला विचाराच.

सातबारा, गटाचा नकाशा वगैरे तुम्ही काढलेलंच असणार. त्याआधी एवढं ठरवा, वाट होती आणि अडवली, का वाट नव्हतीच आणि आता पाहिजे? अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५, बांधावरून नव्याने पाहिजे असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्ही तहसीलदारांपुढेच चालतात, म्हणून लोक एकाच कागदावर दोन्ही कलमं ठोकतात. मीही ठोकली, कारण अर्ज लिहिणारा म्हणाला "दोन्ही टाका, कुठलंतरी लागेल". निकाल माझ्या बाजूने लागला, पण १४३ खाली, आणि प्रांतांनी, म्हणजे तहसीलदारांच्या वरच्या अधिकाऱ्यांनी, तो फेरचौकशीला परत पाठवला. म्हणाले, वहिवाट पूर्वापार म्हणताय तर नवा रस्ता कसला मागताय, आणि वर स्थळपाहणी समोरच्याला नोटीस न देताच केलेली. राग आला पण चूक आमचीच होती की. नशीब एवढंच की मूळ कागद अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे कलम ५ च्या मुदतीत, दाखल होता आणि त्यात चर खणल्याची तारीख होती, त्यामुळे दुसऱ्यांदा कलम ५ वर नीट चाललं.

दिवाणीचं वजन जास्त, नाही कशाला म्हणू. साक्षीपुरावा व्यवस्थित होतो, कोर्ट कमिशनर जागेवर येतो, पुढे अपील आहे. कलम ५ च्या निकालावर अपील नाही, फक्त रिव्हिजन (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी), आणि तो निकालही दिवाणी कोर्ट वेगळं ठरवेपर्यंतच टिकतो. पण वहिवाटीने हक्क सांगायचा तर सुविधाधिकार कायद्याप्रमाणे (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्यासारख्या हक्कांचा कायदा) २० वर्षांचा अखंड वापर शाबीत करावा लागतो, म्हणजे म्हातारी माणसं साक्षीला आणा. तेही जमलं असतं हो. चुलत्यांना खरा त्रास झाला तो समन्सचा.

समोरच्या सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातली दोन मयत आणि वारसनोंद नाही, एक जण सुरतेला, एक बहीण लग्न होऊन कुठल्या गावाला ते भाऊसुद्धा सांगेना. वकील म्हणाले सगळ्यांना पार्टी करा नाहीतर उद्या त्याच मुद्द्यावर दावा पडेल. समन्स जायचं, बजावणी न होता परत यायचं, पुढची तारीख. मधेच एक प्रतिवादी वारला, त्याचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर घ्यायची धावपळ. समोरच्याला न ऐकता एकतर्फी मनाई मिळाली नाही, कोर्ट आधी नोटीस बजावा म्हणालं, त्यामुळे तूर्तातूर्त मनाईचा (निकाल लागेपर्यंत वाट अडवू नका अशा हुकमाचा) युक्तिवादच सुरू होईना आणि तोवर उसाचे दोन हंगाम गेले. ट्रॅक्टर आत जाईना म्हणून मोळ्या डोक्यावर वाहून डांबरीपर्यंत आणल्या, मीपण वाहिल्यात.

माझ्याकडे काट्या टाकणारे दोघंच सामनेवाले होते, कोतवालाने एका दुपारीत दोघांना नोटीस दिली. माझा कौल कुठे ते कळलंच असेल. अर्थात तुमच्याकडे समोर एकच खातेदार असेल आणि तो गावातच राहत असेल तर दिवाणीही एवढी जड जाणार नाही कदाचित.

तहसीलला जाणार असाल तर "अर्ज" म्हणून दोन ओळी देऊ नका, दावा म्हणून लिहा, खाली सत्यापन करा (लिहिलेलं खरं आहे असं लिहून सही), अडवल्याची तारीख घाला आणि पाहणीची नोटीस समोरच्याला पोचल्याची सही फाईलला लागली का ते स्वतः बघा. निकाल लागला की सातबाऱ्याच्या इतर हक्कात रस्त्याची नोंद मागा, २०२५ मध्ये शासनाने तसं सांगितलंय. आणि अडवून सहा महिने उलटून गेले असतील तर माझं सगळं राहू द्या, दिवाणीचाच वकील गाठा.