कामगार क्लब: डागडुजी की नवं सभागृह?

नांदेडच्या उस्मानशाही मिलचं नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलं. अशा गिरणीच्या गावात कामगार क्लबची जुनी इमारत रिकामी पडली, की दोन वाटा सुचवल्या जातात: डागडुजी करून वापरा, नाहीतर पाडून सभागृह बांधा.

सभागृहाचे फायदे उघड आहेत. जास्त खुर्च्या, पार्किंग, रॅम्प आणि लग्नसराईचं भाडं.

जुन्या इमारतीचं मोल नक्षीत शोधू नये. ती बहुधा नसतेच. पाळी सुटल्यावर कॅरम, भजन, नाटकाची तालीम आणि पगारवाढीची बैठक एकाच छताखाली, मराठी-उर्दू बोलणारे मांडीला मांडी लावून. हे खोल्यांच्या रचनेत उरतं, कोनशिलेत मावत नाही. शिवाय जाड भिंती मे महिन्यातही गार राहतात. पत्र्याच्या हॉलला ते जमत नाही. फक्त भिंत चुन्याची असेल तर गिलावाही चुन्याचाच हवा. सिमेंट थोपलं की ओल आत अडकते, पोपडे सुटतात आणि मग तेच लोक म्हणतात, "बघा, धोकादायक झाली!"

माझा कौल डागडुजीला. पाया खचला असेल तर गोष्ट वेगळी, पण ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तपासून सांगावं. रॅम्प काय, जुन्या ओट्यालाही लावता येतो.