राइट-क्लिक बंद करावं, की फोटोवर नाव टाकावं?

पावसाळा सरत आला, कासचं पठार फुललं, की स्वतःची वेबसाइट असलेल्या फोटोग्राफर मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो. फोटो साइटवर चढवले आणि थोड्याच दिवसांत ते कुणाच्या तरी सहलीच्या जाहिरातीत झळकले, आता काय करू? उपाय शोधता शोधता गाडी दोन पर्यायांवर येऊन थांबते. पानावर राइट-क्लिक बंद करायचं, नाहीतर फोटोवर आपलं नाव छापायचं. माझी साइट सह्याद्रीतल्या रानफुलांची आहे आणि दोन्ही उपाय मी हंगामभर वापरून पाहिले आहेत. तुमचा विषय वेगळा असेल तर हिशेब थोडाफार बदलेल, हे धरून पुढचं वाचा.

राइट-क्लिक बंद करणं सोपं. वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, एखादं फुकट प्लगइन (जादा सोय देणारी छोटी जोडणी) टाकलं की झालं. फोटोच्या सौंदर्याला धक्का लागत नाही, हा त्याचा खरा गुण. आणि त्याचा उपयोगच होत नाही, असं मी म्हणणार नाही. फोटो उचलणारे सगळे काही चोर नसतात. कुणाला सकाळच्या शुभेच्छांसाठी एक छान फूल हवं असतं, तो फोटोवर बोट दाबून धरतो आणि मेनू उघडला नाही की पुढे सरकतो. माझ्या साइटवरून होणारी अशी उचलाउचल काहीशी कमी झाल्यासारखी वाटली. पण ज्याला धंद्यासाठी फोटो हवाय तो कशाला थांबतोय? फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं की मेनू उघडतोच. तेही नको असेल तर स्क्रीनशॉट आहे. फोटो पडद्यावर दिसला म्हणजे तो बघणाऱ्याच्या यंत्रात पोचलेला असतो, त्यानंतरचं कुलूप नावापुरतंच.

तरीही एवढ्यावरून मी ते काढलं नसतं. माझा निर्णय झाला तो वाचकांच्या अडचणीमुळे. माझ्याकडे येणाऱ्यांत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी बरेच. त्यांना फोटोइतकंच खालचं शास्त्रीय नाव महत्त्वाचं असतं. कारवी सात वर्षांनी फुलते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण प्रकल्पात 'स्ट्रोबिलँथस कॅलोसा' असं लिहावं लागतं, आणि ते अक्षर न चुकवता लिहायचं तर कॉपी करण्यासारखा मार्ग नाही. ही प्लगइन्स बहुधा राइट-क्लिकबरोबर मजकूर निवडण्यावरही बंदी घालतात. सेटिंगमध्ये जाऊन ती बंदी उठवली, तरी मेनू बंदच राहतो, म्हणजे एखादी लिंक नव्या टॅबमध्ये उघडायची सोय जाते. एका विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, "दादा, तुमच्या साइटवरची नावं मी वहीत उतरवून घेते आणि मग परत टाइप करते." कमी दिसणारे काही वाचक मजकूर निवडून फोनकडून वाचून घेतात, त्यांचीही वाट अडते. फोटो नेणारा नेतोच आणि त्रास मात्र मन लावून वाचायला आलेल्या माणसाला. हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

नाव टाकण्यातही डोकेदुखी आहे, ती लपवत नाही. कोपऱ्यात टाकलं तर दोन सेकंदांत कापता येतं, मधोमध टाकलं तर फूल बघायची मजा जाते. मी नाव देठाच्या कडेनं किंवा पाकळी आणि खडक जिथे मिळतात तिथे, फिकट आणि बारीक टाकतो. तिथून कापायचं तर फुलालाच कात्री लागते. शेवाळलेल्या, खडबडीत पार्श्वभूमीवरचं नाव पुसायला गेलं की बहुतेक वेळा डाग राहतो. गुळगुळीत आकाशावरचं मात्र फोनमधला खोडरबरही सहज पुसतो. जागा दर फोटोत बदलती ठेवा. गूगलच्या संशोधकांनी 2017 साली दाखवून दिलं होतं, की शेकडो फोटोंवर एकच ठसा तसाच्या तसा असेल तर संगणक तो ओळखून आपोआप काढू शकतो. ठशाचा आकार प्रत्येक फोटोत किंचित वेडावाकडा केला, की हे काम अवघड होतं.

नाव देवनागरीत हवं असेल तर आणखी एक काळजी घ्या. फोटो चढवताना आपोआप नाव उमटवणारी बरीच प्लगइन्स जोडाक्षरं मोडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेऊन ठेवतात. मी नाव एकदाच नीट लिहून त्याची पारदर्शक पीएनजी करून ठेवली आहे. तीच फोटोवर बसवतो, म्हणजे अक्षरं बिघडत नाहीत.

नावाच्या बाजूनं पारडं झुकवणारी गोष्ट पुढे, तक्रार करताना कळते. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात 65-ब हे कलम आलं. हक्काची माहिती देणारा मजकूर जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शिवाय 2013 च्या नियमांनुसार रीतसर लेखी तक्रार गेली आणि तिच्यात तथ्य वाटलं, की संबंधित संकेतस्थळानं 36 तासांत तो मजकूर दिसणं थांबवायचं असतं. पुढचे 21 दिवस आपल्याला कोर्टाचा आदेश आणायला मिळतात. एका सहल कंपनीनं माझा सोनकीचा फोटो वापरला होता. खालची पट्टी कापलेली, पण माझ्या नावाची शेवटची दोन अक्षरं पाकळीला चिकटून राहिलेली. मूळ फोटो शेजारी ठेवून पत्र पाठवलं आणि फोटो निघाला. राइट-क्लिक बंद असल्याचा अशा पत्रात काडीचा उपयोग नसतो. अर्थात कोर्टापर्यंत जायचं असेल तर माहितगार वकिलाशी बोलूनच जा.

दोन्हींपैकी काहीही निवडा, फोटो लहान करून चढवा. लांब बाजू 1200 पिक्सेल पडद्यावर झकास दिसते, पण छपाईच्या 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, ती जेमतेम 4 इंच भरते. कॅलेंडर छापणाऱ्याच्या ती कामाची नाही. मात्र लहान करायचं काम वर्डप्रेसवर सोपवू नका. 5.3 आवृत्तीपासून ते 2560 पिक्सेलपेक्षा मोठा फोटो लहान करून दाखवतं खरं, पण मूळ फाइल त्याच फोल्डरमध्ये राहते. पत्त्यातलं '-scaled' एवढं खोडलं की ती पूर्ण आकारात उघडते. घरीच लहान करून मग चढवा.

दुसऱ्याच्या पानावर थेट आपल्या सर्व्हरवरून फोटो दाखवण्याला आळा घालणारं हॉटलिंक प्रोटेक्शन जरूर लावा, बँडविड्थ वाचते. फक्त कडक नियम लावल्यावर लिंक पाठवून फोटोची झलक अजून येते का, ते बघून घ्या.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं गणित जरा निराळं. गिऱ्हाइकाला निवडीसाठी पासवर्डमागे फोटो दाखवायचे असतील, तर तिथे वाचायला मजकूर नसतो आणि येणारी माणसं मोजकी. तिथे राइट-क्लिक बंद ठेवायला माझी हरकत नाही, तरी निवडीच्या प्रतींवर नाव असलेलं बरं. बाकी ज्या पानावर लोक काही वाचायला, शिकायला येतात, तिथे मी तरी नावच टाकीन. आणि रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, कच्च्या फाइल्स, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर जपा. फोटो कुणाचा, असा वाद उभा राहिला की पहिल्यांदा त्याच मागितल्या जातात.