४ मिलिमीटर जाड पात्याचा बुशक्राफ्ट (रानातल्या कामांचा) चाकू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पातं ११ सेंटिमीटर लांब, २८ मिलिमीटर रुंद, पाठ ४ मिलिमीटर जाड. पोलाद १०९५ (साधं कार्बन पोलाद), कडकपणा ५७-५८ एचआरसी (रॉकवेल मोजमाप), फुल टँग (पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत), मायकार्टाची (राळेत दाबलेल्या कापडाची) मूठ, स्कँडी धार, चामड्याचं म्यान. आठ महिने लाकूडकाम, मुक्कामावरचा स्वयंपाक, विस्तव पेटवणं आणि भरपूर पाऊस, एवढं सोसूनही चाकू मोडायचं नाव घेत नाही. तरीही पुन्हा घ्यायची वेळ आली तर ३ ते ३.२ मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही.

जाड म्हणजे टिकाऊ, हा समज या चाकूने मोडला. स्कँडी धारेत पात्याचा उतार थेट काठापर्यंत सपाट जातो. दोन्ही बाजू मिळून २५ अंशांचा कोन धरला, तर ४ मिलिमीटरच्या पात्यावर हा उतार ९ मिलिमीटर रुंद होतो, २.५ मिलिमीटरच्या पात्यावर जेमतेम पावणेसहा. धार लावताना तो अख्खा उतार दगडावर टेकवून घासावा लागतो, म्हणजे दर वेळी जवळपास दीडपट रुंदीचं पोलाद खरवडायचं. शिवाय बटाटा कापायला घेतला की तो कापला जात नाही, मध्येच कडकन फुटतो. लाकूड फोडायला हीच पाचर उपयोगी पडते, पण दिवसभरात लाकूड फोडणं किती आणि सोलणं-तासणं किती, याचा हिशोब आधी करावा.

बॅटनिंगसाठी (पाठीवर सोट्याने ठोकून लाकूड फोडायला) ११ सेंटिमीटरचं पातं ७ ते ८ सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्यापर्यंत ठीक. टोकाकडचे निदान तीन सेंटिमीटर बाहेर राहिले पाहिजेत, कारण पातं आत गेल्यावर टोला तिथेच घालायचा असतो. सोटा लाकडाचाच हवा. हातोडीने पाठ चेपते. गाठ दिसली तर ओंडका फिरवून दुसरीकडून सुरुवात करा. पातं अडकलं की मूठ पिळून सोडवायचा मोह होतो, आणि काठाचे टवके उडतात ते नेमके तेव्हाच: धार उभा दाब सहन करते, आडवा नाही. फटीत लाकडाची पाचर ठोकली की पातं आपोआप मोकळं होतं. अर्ध्या मिलिमीटरचा एक टवका ४०० ग्रिटच्या (भरड दाण्याच्या) दगडावर काढायला पाऊण तास लागला. जाडीची किंमत इथेही मोजावी लागते.

त्यावर उपाय सापडला तो सूक्ष्म दुसऱ्या कोनाचा, म्हणजे अगदी काठापाशी किंचित जास्त कोनाचा. ४०० फक्त टवके काढायला. एरवी १००० आणि मग ३००० ग्रिट. एका बाजूने घासल्यावर पलीकडच्या काठावर बोटाला बारीक कोर लागली की बाजू बदलायची. शेवटी उतार दगडावर टेकवून पाठ सव्वा मिलिमीटर आणखी उचलायची (दर बाजूला साधारण अडीच अंश) आणि अगदी हलक्या हाताने पाच-सहा फेऱ्या. नंतर चामड्याच्या पट्टीवर, धार मागे ठेवून. विस्तवासाठी लाकडाचे तुरे (पातळ सालपटं) काढताना किंचित फरक जाणवतो, पण सुक्या कठीण लाकडात धार वळणं थांबलं.

१०९५ मध्ये क्रोमियम नगण्य असतं, त्यामुळे गंज येणारच. ओलं पातं रात्रभर तसंच राहिलं की सकाळी तांबूस ठिपके. लिंबू-कांदा कापून पातं काळपट पडलं की थोडं संरक्षण मिळतं, थोडंच. पुसून पातळ मिनरल ऑइल लावणं हा खरा इलाज. खाद्यतेल साठवणीत चिकट होतं. खरा गंज मात्र मुठीखाली सापडला: मायकार्टाच्या फळ्या स्क्रूने बसवलेल्या होत्या म्हणून उघडून बघता आलं, आणि टँगवर स्क्रूच्या भोकाभोवती खवले धरले होते. दर दोन महिन्यांनी फळ्या काढून तेल लावावं. रिव्हेट असते तर हे कळलंही नसतं. ज्यांचं काम सतत पाण्याजवळ, त्यांनी १४सी२८एन पोलाद घ्यावं; त्यात सुमारे १४ टक्के क्रोमियम आहे आणि धारही सहज लागते. डी२ पोलादाची धार जास्त टिकते, पण दगडावर फार वेळ खाते आणि पातळ काठावर टवके जातात.

पाठीवरचा काळा लेप फेरो रॉडवर (खरवडली की ठिणग्या देणारी धातूची कांडी) आठवड्यात निघाला, तेही कोपरा गोल असल्यामुळे ठिणगी नीट पडत नव्हती म्हणून जोर लावावा लागल्याने. दगडावर पाठ ९० अंशांत घासून घेतल्यावर काम झालं. लेप नसलेला, काटकोनी पाठीचा चाकू मिळाला तर तोच घ्या.

म्यानात चाकू साठवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. आणि घेताना म्यानाच्या शिवणीत धारेच्या बाजूला चामड्याची जाड पट्टी आहे ना, हे बघा. नसेल तर पातं आत-बाहेर करताना दोराच कापला जातो. म्यान उलटं धरून झटकल्यावर चाकू निसटत असेल, तर तो तिथेच परत करा.