पाठीच्या ऑपरेशननंतर पाय जळतोय? या तुंबडीवाल्यांना दारात उभं करू नका

१,७९,४०० रुपये गेले माझे. कमरेच्या एल-४, एल-५ मणक्यांमधली गादी ऑपरेशन करून काढली, पण डाव्या पायातली आग काही गेली नाही. चादर लागली तरी करंट बसायचा. सर्जनचं एकच, "ऑपरेशन उत्तम झालंय, नस सावरायला वेळ लागतो." किती महिने हेच ऐकायचं?

हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमध्ये प्रीगॅबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्याची गोळी, घेत होते. मागचा गृहस्थ म्हणाला, "ताई, माझ्या आईचं अगदी असंच होतं." पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. त्याने सुचवलेले तुंबडीवाले 'गुरुजी' घरी आले. जेवढा पू निघेल तेवढेच पैसे, एका तुंबडीचे ३,५०० रुपये. पोटरीवर बारीक चीर, त्यावर धातूची नळी, तोंडाने ओढलं की वाटीत पिवळा गोळा. अशा ४६ तुंबड्यांचे १,६१,००० रुपये. त्यांनीच सांगितलेल्या दुकानातलं भस्म आणि तेल, १८,४००. सगळं रोख.

मध्येच त्याने उजव्या पायालाही नळी लावली. तो पाय ठणठणीत! तिथूनही तसाच पिवळा पू. विचारलं तर म्हणाला, "विष पसरलंय." वाटीला चक्क हळदीचा वास होता, आणि प्रत्येक नळी लावण्याआधी तो ती पिशवीतल्या फडक्याने आतून पुसत होता. दुखावलेली नस मणक्यापाशी, मग पोटरीत पू येईलच कुठून? त्याच क्षणी हाकलायला हवं होतं. पण रात्र रात्र जागलेल्या माणसाला तेव्हा हे सुचत नाही. मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी तशी एक रात्र काढून दाखवावी.

त्याने गोळ्याही बंद करायला लावल्या. घाम, मळमळ, झोप उडाली, तर म्हणे विष बाहेर पडतंय! प्रीगॅबालिन असं एकदम तोडायचं नसतं, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच खुशीने दिलेत ना?" एफआयआर नाहीच, साधा अर्ज घेतला. तिथून अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवलं, त्यांनी परत पोलिसांकडे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, रोख व्यवहार आमच्याकडे येत नाही. हॉस्पिटल म्हणालं, गेटबाहेरचं आम्ही काय बघणार? रोज त्याच मेडिकलसमोर ही माणसं गिऱ्हाईक हेरतात आणि कुणाचीच जबाबदारी नाही? नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे चौकीत मी सांगायचं?

वैद्य म्हणवणाऱ्याकडे आधी नोंदणी क्रमांक मागा. घरी येऊन रोख मागतो तो वैद्य नव्हे. आणि सर्जनने हात झटकले तर पेन क्लिनिक, म्हणजे जुनाट दुखण्यावर उपचार करणारे डॉक्टर, गाठा, मला ते कुणी वेळेवर सांगितलंच नाही. अर्जाची पोच घेतल्याशिवाय चौकीतून उठू नका. एफआयआर घेत नसतील तर पोलीस आयुक्तांना किंवा अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. मी पाठवली आहे. ठाणे शहरात आणखी कुणाला हा 'गुरुजी' भेटला असेल तर लाजू नका, तुमचीही तक्रार द्या.