चाळीस वर्षांपूर्वीचं रोबो-किट आणि बेळगावचा पाऊस: काही महिन्यांनंतरचा अनुभव

जोडायची हौस असेल तर दुर्मिळ जुना बॉक्स शोधत बसू नका. त्याच साच्यातून पुन्हा काढलेलं किट घ्या. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही जोडून झाली आहेत, आणि उन्हाळ्यापासून आत्तापर्यंत हाताळल्यावर हे सांगतोय.

किट म्हणजे बांदाई या जपानी कंपनीचं, गंडम या रोबोचं १/१४४ मापाचं (मूळच्या १४४ पट लहान) प्लास्टिकचं मॉडेल. जपानमध्ये गंडमची कार्टून मालिका आली १९७९ साली, योशियुकी तोमिनो यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांची. हे किट जुलै १९८० मध्ये निघालं, किंमत फक्त ३०० येन. गोष्टीतला गंडम १८ मीटर उंच, म्हणून टेबलावरचा साडेबारा सेंटिमीटर. आजची किट दाबून बसवली की झालं. हे तसं नाही. यात गोंद लागतो, घासकाम लागतं आणि रंगही आपणच द्यायचा.

माझा मावसभाऊ इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत डाय, म्हणजे साचे बनवतो. त्याला सुटे भाग दाखवले तर तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ उलटसुलट बघत बसला. मांडीच्या आतल्या बाजूचे इजेक्टर पिनचे (भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे) ठसे, साचा मिटतो तिथली पार्टिंग लाइन, जाड जागी प्लास्टिक आत ओढलं जाऊन पडलेला खळगा, सगळं त्यानं बोट ठेवून दाखवलं. जुना आणि नवा भाग शेजारी ठेवल्यावर त्याला फरक जवळजवळ सापडलाच नाही. "मस्त केलंय की रे हे डाय," एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून ही मोठी पावती आहे. इतक्या वर्षांनी पोलादाचा साचा धार टिकवून आहे, हेच मला या किटमधलं सगळ्यात सुंदर वाटतं.

मग जुन्या बॉक्समध्ये काय बिघडतं? प्लास्टिक सहसा नाही. पॉलिस्टायरिन अंधारात ठेवलं तर खूप टिकतं. सोबतची गोंदाची पुडी वाळून खडा होते, आणि आपल्याकडच्या ओलीत पुठ्ठ्याला बुरशी धरते. बॉक्सवरच्या चित्रासाठी जुनं घेणार असाल तर घ्या, ते चित्र खरोखर देखणं आहे. पण मग सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात मधूनमधून उघडून बघा.

जोडताना खरी कसोटी सांध्यांची. दंडाचे दोन अर्धे चिकटवायच्या आधी कोपराचा भाग मध्ये अडकवावा लागतो. म्हणजे आतला भाग आधी रंगवा, झाका, मग बाहेरची शिवण, म्हणजे दोन अर्ध्यांच्या जोडाची रेघ, घासा. त्यापेक्षा कोपराच्या भागातल्या भोकाची एक बाजू कापून सी आकाराची खाच करा. मग शिवण घासून, रंगवून झाल्यावर कोपर वरून बसतो. जपानी कारागिरांची ही जुनी युक्ती आहे आणि तिच्यामुळे काम निम्म्यावर येतं. गुडघे तरीही फार वाकत नाहीत. हा गंडम ताठ उभा राहतो, आणि मला तो तसाच आवडतो.

गोंद म्हणून टॅमियाचा पातळ सिमेंट वापरला. त्यात ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट असतं, त्यानं प्लास्टिक विरघळून दोन्ही कडा एकजीव होतात. झटपट चिकटणारा गोंद नुसता थर धरतो, पडल्यावर तिथंच तुटतो. ज्वालाग्राही म्हणून हा सिमेंट विमानानं सहज येत नाही. पुण्या-मुंबईला कुणी जाणार असेल तर सांगून ठेवा. बाकी सगळं गावात मिळतं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी पातळ थरात उत्तम चालते, वॉटर पेपर ४०० पासून १००० पर्यंत घ्या. मात्र त्याच दुकानातला एनसी थिनर प्लास्टिकवर अजिबात लावू नका, पृष्ठभाग खातो.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर इथं मॉडेलसाठीचा लॅकर रंग फवारणं म्हणजे रंगावर पांढरी साय येणार. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि ओल्या थरात अडकते. खानापूरकडच्या मित्राला तर आमच्यापेक्षा जास्त त्रास, तिकडं पाऊस थांबतच नाही. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिसळला की फरक पडतो. पण मी शेवटी पावसाळाभर घासकाम आणि ब्रशनं पाण्याचे ॲक्रिलिक एवढंच ठेवलं, फवारणी दसऱ्यानंतर. पाय, छाती, ढाल असं सगळं प्रायमरपर्यंत तयार होतं, त्यामुळे वेळ वाया गेला नाही.

माझ्या यादीत पुढचा आहे आरी कंपनीचा १/१०० वाल्किरी, म्हणजे १९८२ च्या मॅक्रॉस या दुसऱ्या जपानी कार्टून मालिकेतलं रोबो होणारं विमान, रोबो रूपातलं. त्यात पाण्यात सोडायचे डिकल (चिकटवायची छापील चित्रं) आहेत आणि ते पिवळे पडलेत. खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवले की पिवळेपणा बराच उतरतो. मग पाण्यात टाकण्याआधी वरून क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) एक हात द्यायचा, नाहीतर तुकडे होतात. ऑक्टोबरची उन्हं पडायला लागलीत, माझे डिकल सध्या खिडकीवरच आहेत.