प्रेस्टिज क्लास बनवायला बसाल तर आधी हे प्रकरण वाचा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून, डाइस टाकून, पात्रं वठवत खेळायच्या खेळाच्या साडेतीन (३.५) आवृत्तीचं ‘डन्जन मास्टर्स गाईड’ मी सेकंडहँड घेतलं. आधीच्या मालकाने सहावं प्रकरण इतकं वापरलं होतं, की पुस्तक टेबलावर ठेवलं की ते आपसूक तिथेच उघडतं. प्रेस्टिज क्लास तिथेच आहेत. चार वर्षं झाली, दर शनिवारी रात्री आम्ही खेळतो, मी डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) आणि माझे पाच खेळाडू. या पुस्तकातलं मी सगळ्यात जास्त वाचलेलं प्रकरण हेच, आणि सगळ्यात जास्त चिडलोय तेही यावरच.

नव्याने खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. फायटर, रोग (इंग्रजीतला rogue, चोरटा), विझर्ड हे क्लास, म्हणजे कॅरॅक्टरचे पेशे, पहिल्या लेव्हलपासून घेता येतात. प्रेस्टिज क्लास मागाहून, काही अटी पूर्ण केल्या की मिळतो. २००० साली तिसऱ्या आवृत्तीच्या गाईडमध्ये असे सहा क्लास होते, २००३ च्या साडेतीनमध्ये ते सोळा झाले.

माझी मावसबहीण एल्फ रोग खेळायची. तिला शॅडोडान्सर, म्हणजे या सोळांतला सावल्यांत लपणारा क्लास, व्हायचं होतं. अटी बघा: हाईड, म्हणजे लपायच्या स्किलमध्ये १० रँक (स्किलला दिलेले गुण), मूव्ह सायलेंटलीमध्ये ८, नाचाच्या परफॉर्ममध्ये ५, शिवाय डॉज, मोबिलिटी आणि कॉम्बॅट रिफ्लेक्सेस हे तीन फीट (feat, निवडून घ्यायच्या खास करामती). रँकची कमाल मर्यादा लेव्हल अधिक तीन, म्हणजे दहा रँक सातव्या लेव्हलला जमतात आणि शॅडोडान्सरची पहिली लेव्हल मिळते आठव्याला. एल्फला फीट मिळतात पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या लेव्हलला. तीन फीट, तिन्ही अटींना गेले. सहाव्या लेव्हलला शीट भरताना ती म्हणाली, “दादा, मला आवडलेलं एकही फीट मी अजून घेतलं नाहीये रे.” खरंच होतं. आणि फायटरने हाच रस्ता धरायचा म्हटलं तर हाईड त्याच्या क्लासचं स्किल नाही. त्याची मर्यादा निम्मी, म्हणजे दहा रँकसाठी सतरावी लेव्हल. कॅरॅक्टर पहिल्या दिवशीच वहीत आखून ठेवावं लागतं. गोष्टीत पुढे काय घडेल याला जागाच उरत नाही.

पण आठवी लेव्हल आली आणि या क्लासची पहिलीच ताकद तिने वापरली, तो शनिवार मी विसरणार नाही. आसपास दहा फुटांत कुठली तरी सावली असली की समोरचा बघत असतानाही लपता येतं. स्वतःची सावली मात्र चालत नाही. वाड्याचा चौक, चार पहारेकरी, भर दुपार. तिने विचारलं, “चौकात काय काय आहे?” मी म्हटलं, रहाट असलेली विहीर. “रहाटाची सावली किती लांब पडलीय?” मी जरा विचार करून म्हटलं, सहा फूट. तिने डाइस टाकला आणि चार पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत ती नाहीशी झाली. टेबलावरचे सगळे उभे राहिले होते. एका लेव्हलमध्ये एकच, पण तिची ओळख ठरवणारी ताकद द्यायची, हे त्या दिवशी मला समजलं.

विझर्ड आणि क्लेरिक (देवाचा पुजारी) या दोघांचेही स्पेल टाकणाऱ्या मिस्टिक थिअर्जचं गणित मात्र खेळाडूला दमवतं. विझर्ड तीन, क्लेरिक तीन आणि मग हा क्लास. सातव्या लेव्हलला सरळ विझर्ड चौथ्या पातळीचे स्पेल टाकतो, हा बिचारा दोन्हीकडे दुसऱ्याच पातळीवर. फायरबॉल त्याला आठव्या लेव्हलला मिळतो, विझर्डला पाचव्याला. दोन्ही याद्या हाताशी असल्या तरी प्रत्येक पाळीला स्पेल टाकायचा एकच.

या सोळांच्या आधी जे लिहिलंय ते मला सोळांपेक्षा मोलाचं वाटतं. तिथे स्पष्ट म्हटलंय की प्रेस्टिज क्लास ऐच्छिक आहेत, निर्णय डीएमचा, आणि आपल्या कॅम्पेनमधल्या (लांब चालणाऱ्या गोष्टीतल्या) संघटनांना, देशांना शोभतील असे आपण स्वतः बनवावेत. पुस्तकाने स्वतः हा सल्ला पुरता पाळला नाही, अटी बहुतेक आकड्यांच्याच ठेवल्या, याचं मला वाईट वाटतं. असॅसिनची, म्हणजे मारेकऱ्याची, एक अट मात्र अशी आहे जी खेळूनच पूर्ण होते: या टोळीत शिरायचं, एवढ्याच कारणासाठी कुणाला तरी मारलेलं असलं पाहिजे. ती वाचली की कॅरॅक्टर डोळ्यांसमोर उभं राहतं.

तेच धरून मी ‘मेटकरी’ बनवला. आमचं कॅम्पेन डोंगरी किल्ल्यांचं आहे, आणि गडाखालच्या मेटांवर (चौक्यांवर) पहारा देणारे लोक मला त्यात हवेच होते. अट ठेवली: एका मेटावर अख्खा पावसाळा काढायचा. पण पहिल्या लेव्हललाच मी सगळं देऊन टाकलं, अनकॅनी डॉज (अचानक वार आला तरी सावध असणं), चढताना एसी (आर्मर क्लास, म्हणजे वार चुकवायचा आकडा) न घटणं, वरून फेकलेल्या हत्याराला जादा डॅमेज. झालं काय, तर पाचातल्या तिघांनी एक लेव्हल घेतली आणि परत आपापल्या क्लासला गेले. मग ड्वार्व्हन डिफेंडर पुन्हा वाचला. तो एका जागी पाय रोवून उभा राहतो, हलू शकत नाही, पण एसीला +४ मिळतात. देताना काहीतरी काढूनही घ्यायचं, ही युक्ती तिथून उचलली. आता पहिल्या लेव्हलला फक्त चढण, दुसरीला अनकॅनी डॉज, आणि पाचवीला, म्हणजे शेवटच्या लेव्हलला, मेट न सोडण्याची शपथ. आमच्या बार्बेरियनने त्या मेटावर तीन सेशन काढली. भिजलेली मशाल पेटवायला त्याने स्वतःचं घोंगडं जाळलं, तेव्हा मी नियम न बघता त्याला क्लास दिला.

विकत घ्यावं का? या क्लासचे नियम एसआरडीमध्ये (सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे सगळ्यांसाठी खुला केलेला नियमांचा संच) फुकट आहेत, रेड विझर्ड सोडून. नुसते आकडे हवे असतील तर पैसे घालू नका. पण स्वतः क्लास बनवणार असाल तर ती सल्ल्याची पानं एसआरडीत नाहीत, आणि जुनी प्रत मिळत असेल तर तेवढ्यासाठी घ्या. बाइंडिंग तेवढं बघून घ्या, माझ्या प्रतीची पानं आता सुटायला लागलीत.