बँकॉकमध्ये मुक्काम कुठे करावा: जुनं शहर की सुखुमवित?

बँकॉकचं हॉटेल निवडताना आपण भाडं आणि स्विमिंग पूल आधी बघतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: दुपारी बारा ते तीन तुम्ही कुठे असणार? इथलं ऊन दमट आहे. मार्च ते मे तर अंगाची लाहीलाही होते आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला जे बघायचं असतं त्यातलं बरंचसं उघड्यावर आहे. दुपारी खोलीवर येऊन दोन तास पाठ टेकता आली, तरच संध्याकाळ हाती लागते. सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर हे फारच जाणवतं.

देवळं आणि राजवाडा हे मुख्य आकर्षण असेल, तर जुन्या शहरात राहा. ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो, परदेशी पर्यटकांना तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. जवळ राहणारा माणूस दार उघडताना तिथे असतो, गर्दी वाढायच्या आत बाहेर पडतो, वात फो या देवळातला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघतो आणि जेवायच्या वेळी खोलीवर असतो. उन्हं कलली की था तियन धक्क्यावरून फेरीबोटीने चाओ फ्राया नदीच्या पलीकडच्या काठावरचं वात अरुण हे देऊळ. ‘आज राजवाडा बंद आहे’ असं रस्त्यात कुणी आपुलकीने सांगितलं, तर थांबू नका. तो टुकटुकमधून रत्नांच्या दुकानात न्यायचा जुना डाव आहे.

पण जुनं शहर म्हणजे खाओ सान रोड असं धरून चालू नका. तिथे रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात आणि मेट्रो अजून पोचलेली नाही. त्यापेक्षा साम योत किंवा सनाम चाय या एमआरटी (मेट्रो) स्टेशनांच्या आसपास खोली बघा. सनाम चायहून वात फो अगदी जवळ आहे. राजवाड्यात मात्र उत्तरेकडच्या दारातून शिरायचं असल्याने तिथवर किलोमीटरभर चाल पडते, ती आधीच हिशोबात धरा.

सुखुमवित हा शहराच्या पूर्वेकडचा आधुनिक भाग. त्याचा जोर संध्याकाळवर आहे. मॉल, मसाज, रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी रेस्टॉरंट्स, आणि डोक्यावरून धावणारी बीटीएस ही उन्नत रेल्वे. असोक स्टेशन सगळ्यात सोयीचं, कारण तिथे बीटीएस आणि एमआरटी एकमेकांना भेटतात. मुलांना मोकळं सोडायला जवळच बेंजाकिती बाग आहे. कुटुंबासोबत असाल तर बुकिंगआधी गल्ली नकाशावर नीट बघा: नाना स्टेशनाजवळची सोई ४ (सोई म्हणजे गल्ली) आणि असोकजवळची सोई काउबॉय रात्री बारवाल्यांच्या असतात. फ्रोम फोंग किंवा थोंग लो या स्टेशनांकडे गेलात की वातावरण घरगुती होतं.

सुखुमवितहून देवळांकडे जाणं अवघड नाही. एमआरटीने सनाम चाय नववं स्टेशन. अडचण दुपारची आहे. घामाघूम होऊन इतक्या लांब परतायचा कंटाळा येतो, मग माणसं उन्हातच फिरत राहतात आणि संध्याकाळी कुणाच्या अंगात त्राण उरत नाही.

शाकाहारी लोकांना सुखुमवितच सोपं वाटतं, कारण नाना-असोक पट्ट्यात भारतीय हॉटेलं भरपूर. पण साम योतपासून चालत गेलात तर पाहुरात लागतं, तिथे गुरुद्वारा आहे, कापडाची दुकानं आहेत आणि पोळी-भाजीची सोयही होते. थाई जेवणात भाज्यांतसुद्धा माशांचा सॉस पडतो, तेव्हा गाडीवर लाल अक्षरांचा पिवळा झेंडा दिसला तरच निर्धास्त खा.

जुन्या शहराच्या बाजूने माझं मन झुकतं ते बोटींमुळे. चाओ फ्राया एक्स्प्रेसची नारिंगी झेंड्याची बोट धक्क्याला क्षणभरच टेकते. मागचा पोऱ्या शिट्टी वाजवत दोर टाकतो, लोक पटापट चढतात, आणि तिकीटवाली हातातली पत्र्याची नळी खडखड वाजवत येते. वीसेक बाटच्या आत एवढा वारा आणि एवढं शहर दुसरीकडे मिळत नाही. अंधार पडल्यावर ही सेवा आवरती होते, म्हणून परतीचं आधी ठरवा. सेन सेप कालव्यातली बोट जुन्या शहराच्या कडेच्या पानफा धक्क्यावरून सुखुमवितच्या मागच्या अंगाला नेते. कालव्याचं पाणी उडतं म्हणून प्रवासीच दोरी ओढून ताडपत्री वर घेतात. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र ही बोट टाळावी, चढता-उतरताना धांदल होते.

विमानतळाचं गणित दोन्हीकडे सारखंच आहे. सुवर्णभूमी विमानतळाहून रेल लिंक या रेल्वेने मक्कासानला उतरा, शेजारच्या फेच्चाबुरी स्टेशनातून एमआरटी धरा. पहिलं स्टेशन सुखुमवित (असोकचंच एमआरटी स्टेशन), आणि त्याच गाडीत बसून राहिलात तर साम योत. विमान डॉन मुआंग या बँकॉकच्या दुसऱ्या विमानतळावर उतरणार असेल तर जुन्या शहरासाठी ए४ बस थेट येते.

चार-पाच रात्री असतील तर मी दोन हॉटेलं सुचवेन. आधी जुनं शहर, कारण देवळं ताज्या पायांनी बघावीत, आणि शेवटच्या दोन रात्री सुखुमवित, म्हणजे खरेदीचं ओझं फार वाहावं लागत नाही. तीनच रात्री असतील आणि घरातले ज्येष्ठ बरोबर असतील, तर सामान हलवू नका. साम योतजवळच राहा आणि मॉलसाठी एखादी संध्याकाळ मेट्रोने जाऊन या.